एका फळ्यावरच्या दोन सूचना

आमच्या गावाच्या वेशीजवळ, देवळाच्या भिंतीत केलेला सिमेंटचा काळा फळा आहे. गेली अकरा वर्षं त्यावर मी लिहितो. मी शेजारच्या गावात हायस्कूलला मास्तर आहे आणि माझं अक्षर बरं आहे, एवढीच माझी पात्रता. सकाळी सात वाजता, शाळेला निघण्याआधी, मी ओल्या फडक्यानं फळा पुसतो आणि ज्यानं जे सांगितलं असेल ते लिहितो. पाणी सुटणार नाही. अमक्याची म्हैस सुटून गेली आहे, दिसल्यास कळवावे. रेशनला अंगठा द्यायला यावे. उद्या दहावा आहे.

हे काम वरून दिसतं तितकं साधं नाही. वाढदिवसाच्या शुभेच्छा लिहिताना शुभेच्छुकांची नावं कोणत्या क्रमानं घ्यायची यावरून माझ्याशी दोन तरुण मंडळं वर्षभर बोलत नव्हती. एका घरच्या निधनाची बातमी दोन दिवस राहिली आणि दुसऱ्या घरची एकच दिवस, म्हणून मला दारात येऊन जाब विचारला गेला. गावाचा मोबाईलवरचा ग्रुप आहे, पण त्यात सकाळपासून देवादिकांची चित्रं आणि सुविचार इतके येतात, की कामाची गोष्ट दुपारपर्यंत कुठल्या कुठे जाते. म्हणून ज्याला खरंच काही कळवायचं असतं तो फळ्याकडेच येतो. पंचायतीचे कागद कन्नडमध्ये येतात. वाचता सगळ्यांना येतं, पण वाचायचा कंटाळा. तेव्हा तेही मराठीत उतरवून लिहायचं काम माझ्याकडेच.

वैतागून मी कितीदा खडू ठेवून द्यायचं ठरवलं. ठेवला नाही, कारण फळ्यापुढे उभं राहून लोक वाचत असताना मला बरं वाटायचं. हे आधीच सांगून टाकतो.

आता त्या गाडीविषयी. बेळगाव-खानापूर रस्त्यापासून आमचं गाव चार किलोमीटर आत. संध्याकाळी येणारी एसटी गावातच मुक्काम करायची आणि सकाळी सहाला बेळगावला निघायची. आम्ही तिला वस्तीची गाडी म्हणतो. ड्रायव्हर-कंडक्टर देवळाच्या मंडपात झोपायचे. पावसाळ्यात ओल यायची, संडासाची सोय नव्हती, आणि त्यांनी तक्रार केली तर त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. डेपोनं पंचायतीला लिहिलं, की कर्मचाऱ्यांना पाणी आणि संडास असलेली खोली द्या, नाहीतर मुक्काम बंद होईल आणि पहिली गाडी सकाळी साडेआठला येईल.

साडेआठच्या गाडीनं गावातल्या बहुतेकांचं भागणार होतं. कॉलेजच्या पोरांकडे मोटारसायकली आहेत. माझ्याकडेही आहे. सहाच्या गाडीवाचून ज्यांचं खरंच अडणार होतं अशी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यांत सगळ्यांत जास्त अडणार होतं माझ्या शेजारच्या आक्काचं.

आक्का माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी. आमच्या दोन घरांत एकच भिंत. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा गोव्याला. बेळगावच्या टिळकवाडीत मुलांच्या एका वसतिगृहाच्या खाणावळीत ती भाकरी करायला जायची. सव्वासातला तव्यापुढे बसावं लागे. तिथली पोरं तिला मावशी म्हणत आणि परीक्षेला जाताना पाया पडत, हे तिनं मला निदान पन्नास वेळा सांगितलं असेल. गाडीत ड्रायव्हरच्या मागची जागा तिची. तिथं दुसरं कोणी बसलं, की ती नुसती उभी राहून बघायची, आणि तो माणूस उठायचा.

पंचायतीनं दूध डेअरीच्या बाजूची खोली रिकामी करून द्यायचं ठरवलं. मग डेपोचा कागद आला, की मंगळवारी अकरा वाजता साहेब खोली बघायला येतील, ग्रामस्थांनी हजर राहून संमतीपत्रावर सह्या कराव्यात. शुक्रवारी पंचायतीच्या शिपायानं तो कागद माझ्या हातात दिला. शनिवारी सकाळी मी फळ्यावर लिहिलं: मंगळवारी अकरा वाजता डेपोचे साहेब येणार आहेत, सर्वांनी डेअरीजवळ हजर राहावे.

लिहून खडू खाली ठेवतोय तोवर देवस्थानाचे एक पंच आले. आमच्याकडे पेरणीच्या आधी पाच मंगळवार वार पाळतात. त्या दिवशी शेतात औत जात नाही, गिरणी बंद, शिवणयंत्र बंद. शेवटच्या मंगळवारी तर सगळं गाव बाहेर पडतं. सकाळी नऊच्या आत दारं ओढून घ्यायची, वेशीत काटेरी फांदी आडवी टाकायची आणि संध्याकाळपर्यंत आमराईत राहायचं. तिथंच चूल, तिथंच जेवण. तेवढा वेळ गावात कोणी थांबायचं नाही, बाहेरच्यानं आत यायचं नाही. पंच म्हणाले, शेवटचा वार येत्या मंगळवारी आहे, लिहा.

मी लिहिलं. पहिल्या सूचनेच्या बरोबर खाली, त्याच खडूनं: मंगळवारी शेवटची पाळणूक, सर्वांनी नऊच्या आत गावाबाहेर पडावे.

पंचांनी दोन्ही सूचना मोठ्यानं वाचल्या, अक्षर छान आलंय म्हणाले आणि गेले.

मला दिसलं नव्हतं असं नाही. एक सूचना सगळ्यांना अकरा वाजता गावात बोलावत होती आणि दुसरी नऊला गावाबाहेर काढत होती. कागदाच्या तळाशी डेपोचा फोन नंबर होता. एक फोन केला असता तर बुधवार मिळाला असता. माझ्या मनात आलं, की पंच करतील, पंचायतीचा अध्यक्ष करेल, माझं काम लिहिण्याचं. त्याच्याही खाली आणखी एक विचार होता आणि तो कबूल करायला मला इतके महिने लागले. गाडी बंद झाली तरी माझं काहीच अडणार नव्हतं.

शनिवार, रविवार, सोमवार, तीन दिवस दोन्ही सूचना एकाखाली एक राहिल्या. सगळ्या गावानं वाचल्या. एकानंही विचारलं नाही. नंतर एकेकाला छेडलं तेव्हा प्रत्येकाचं उत्तर एकच: वाटलं, कोणीतरी साहेबांशी बोललं असेल. फक्त आक्कानं रविवारी भिंतीपलीकडून विचारलं होतं, "मास्तर, मंगळवारचं काय ठरलं रं? आमराईत यायचं का डेरीपाशी?" मी म्हणालो, "बघतील ते." ती म्हणाली, "कोण ते?" मी काहीतरी पुटपुटलो आणि आत गेलो.

मंगळवारी आम्ही आमराईत होतो. वांग्याची भाजी झाली होती, भात शिजत होता. आक्कानं खाणावळीतून सुट्टी घेतली होती. पावणेबाराच्या सुमाराला रस्त्यावर जीप आली. वेशीपाशी थांबली, काटेरी फांदीपुढे हॉर्न वाजला. आमराईतून ती स्वच्छ दिसत होती. शेपाचशे माणसं बघत होती आणि एकही उठेना, कारण वार मोडून वेशीकडे कोणी जायचं? दोघेतिघे म्हणाले, मास्तर, तुम्ही जा, तुम्हाला कन्नड चांगलं येतं. मी पंचांकडे बघितलं. पंचांनी भाताच्या डेगीकडे बघितलं. मला आडवं कोणी आलं नव्हतं, तरी मी बसून राहिलो. पाच-दहा मिनिटांनी जीप वळली.

आक्का हातातलं पातेलं ठेवून उभी राहिली होती. तेव्हा ती चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं.

आठवड्याभरात कागद आला. पाहणीच्या वेळी गाव रिकामे होते, खोली दाखवण्यास कोणी नव्हते, ग्रामस्थांना मुक्कामी गाडीची गरज दिसत नाही. तो मला मराठीत उतरवून फळ्यावर लिहावा लागला. त्यानंतर जे सुरू झालं त्यानं डोकं फिरायची पाळी आली. पंच म्हणाले, डेपोला वार कळायला नको? अध्यक्ष म्हणाला, मला कोणी सांगितलंच नाही, आणि त्याच्याच सहीची पोच पंचायतीत होती. तरुण मंडळांनी निषेधाची सभा घ्यायचं ठरवलं आणि सभेचा अध्यक्ष कोणत्या मंडळाचा यावर सभा मोडली. मला मात्र कोणी दोष दिला नाही. मास्तरनं तर लिहिलं होतं, असंच जो तो म्हणाला. प्रत्येक वेळी ते ऐकून मी मान हलवली.

आक्काला मी सांगितलं, मी रोज सकाळी तुला फाट्यावर सोडतो, तिथून खानापूरहून बेळगावला जाणारी गाडी मिळेल. पहिला आठवडा सोडलं. ती मागं बसून सगळा रस्ता बोलायची. "हळू रं, मला भाकऱ्या करायच्या हायत, माझीच भाकरी करू नको." दुसऱ्या आठवड्यात देवळाच्या कट्ट्यावरून कोणीतरी हसून विचारलं, "काय मास्तर, नवीन पाशिंजर गावलं व्हय?" बाकीचे हसले. पन्नाशीतला मास्तर आणि साठीकडे झुकलेली विधवा, यावर गावानं चार दिवस करमणूक केली. मी तिला काही बोललो नाही. एके सकाळी पोट बिघडल्याचं सांगितलं. एकदा शाळेत लवकर जायचं आहे म्हणालो, आणि गेलो नाही. पुढं आणखी दोनदा. त्या चारही दिवशी ती चालत फाट्यावर गेली आणि खाणावळीत आठ वाजून गेल्यावर पोचली. चौथ्या वेळी तव्यापुढे बेळगावातल्याच शहापूरची दुसरी बाई बसलेली होती.

तिनं मला हे सांगितलं तेव्हा ती अंगणात तांदूळ निवडत होती. "पोरं उपाशी ऱ्हायलीत व्हय रं दोनदा. त्यांचं तरी काय चुकलं." तिनं माझ्याकडे बघितलं नाही. कट्ट्यावरचं तिला कधीच कळलं होतं, माझं पोटही बिघडलं नव्हतं हेही कळलं होतं. आमच्यात एकच भिंत आहे.

त्यानंतर मी डेपोत सात-आठ फेऱ्या मारल्या. साहेबानं पहिल्यांदा मला बसूच दिलं नाही. मी त्याला वाराचं सांगितलं तेव्हा तो हसला आणि म्हणाला, आमच्या गावातही असतो, पण आम्ही आधी कळवतो. मी सह्या गोळा केल्या. खोलीत नळ घेतला, संडासाचं दार बसवलं. त्यासाठी मला पंचांच्या घरी इतक्या वेळा जावं लागलं, की त्यांचा कुत्रा माझ्यावर भुंकायचा थांबला. साहेब पुन्हा आले. या खेपेला साठ माणसं डेअरीजवळ उभी होती आणि प्रत्येकाला पुढं उभं राहायचं होतं. पावसाळा संपता संपता वस्तीची गाडी परत सुरू झाली.

पहिल्या सकाळी मी बघायला गेलो. गाडीत पाच माणसं होती. ड्रायव्हरच्या मागच्या जागेवर कोणीतरी भाजीची टोपली ठेवली होती.

आणि मग पंच माझ्याकडे आले. गावानं ठरवलंय, म्हणाले, गाडीसाठी एवढा पाठपुरावा केल्याबद्दल रविवारी मास्तरांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. फळ्यावर लिहा. मी नको म्हणालो. ते म्हणाले, तुम्ही नम्र आहात. मी म्हणालो, चूक माझीच होती, मला दिसलं होतं आणि मी फोन केला नाही. ते म्हणाले, अहो, दिसलं तर सगळ्यांनाच होतं. आणि हसले. माझी कबुली इतक्या सहज सगळ्यांत वाटून गेली, की माझ्या वाट्याला काही उरलंच नाही. एवढा राग मला आयुष्यात कोणाचा आला नव्हता, आणि तो कोणावर काढायचा हे कळत नव्हतं.

मी आक्काकडे गेलो. सत्काराचं तिला आधीच कळलं होतं. मी सांगितलं, रविवारी मी जाणार नाही, आणि शनिवारच्या त्या दोन सूचनांपासून फाट्याच्या त्या चार दिवसांपर्यंत सगळं एकदा माझ्या तोंडानं बोलून टाकलं. ती ऐकून घेत होती. मध्ये एकदा उठून कोंबडी हाकलून आली.

"झालं?" ती म्हणाली. "आता ह्याचं मी काय करू, मास्तर? मला काम पायजे."

मी परत फळ्याकडे गेलो. सत्काराची ओळ लिहिली नाही. मोठ्या अक्षरात लिहिलं, की आपल्या गावातल्या एका अनुभवी बाईंना बेळगावात भाकरी करण्याचं काम हवं आहे, ज्यांची मुलं किंवा नातेवाईक शहरात आहेत त्यांनी तिथल्या खाणावळींत विचारावे, आणि गाडी माझ्या हलगर्जीपणामुळे बंद झाल्यानं त्यांचं आधीचं काम गेलं आहे. खाली माझं नाव घातलं. पंचांनी दुपारी निरोप पाठवला, की फळा गावाचा आहे, असली खासगी भानगड तिथं नको. मी निरोप घेऊन येणाऱ्याला चहा पाजला आणि परत पाठवलं.

संध्याकाळी आक्का देवळात आली होती. फळ्यापुढे उभी राहून तिनं बोटानं ओळ धरत सगळं वाचलं. जवळच्या दोघी हसल्या, तिनं त्यांच्याकडे नुसतं बघितलं. मग मला म्हणाली, "तुझं रडगाणं लई झालंय, जागा खाल्ली त्यानं. ते पूस आणि तिथं लिही, नाचणीची बी करती, तांदळाची बी करती. आणि सातला हजर ऱ्हाती म्हणून लिही. गाडी हाय आता."

मी फडकं ओलं केलं आणि माझ्या चुकीची ओळ पुसली.