मॉडच्या बॉनेटवरची माशी

इनॉक हॅलम हा माझ्या थोरल्या बहिणीचा, थर्झाचा नवरा. कॉव्हेंट्रीत विदरलींच्या कारखान्यात तो मोटारींना व्हार्निश द्यायचा आणि मी तिथेच वरच्या मजल्यावर गाड्यांच्या गाद्या शिवायचे. थर्झाने याच्याशी लग्न केलं त्या दिवसापासून तिच्या घरात लोकर बंद झाली. शाल नाही, गालिचा नाही, मांजरही नाही. कपड्याला चिकटून एक तंतू जरी कारखान्यात गेला आणि ओल्या व्हार्निशवर बसला, तरी सगळं काम मातीत जातं, असं त्याचं म्हणणं. थंडीत माझी बहीण सुती कपडे एकावर एक चढवून कुडकुडायची आणि हा शहाणा तिला विचारायचा, गारठलीस का गं?

व्हार्निशच्या खोलीत शिरण्याआधी तो हात ओला करून भुवयांवरून फिरवायचा. भुवईतला कोंडासुद्धा गाडीवर पडता कामा नये. आम्ही शिवणाऱ्या बायका त्यावरून त्याची टर उडवायचो, एवढा नट्टापट्टा रविवारी चॅपलला प्रार्थनेला जाताना तरी करतोस का म्हणून. तो हसायचा नाही. त्या खोलीच्या खिडक्यांच्या फटींना कागद चिकटवलेले असत, फरशीवर पाणी शिंपडलेलं असे आणि आत बोलायची बंदी होती.

थोरले मालक जोसाया विदरली मूळचे सायकलवाले. मोटारी काढायला लागल्यावर त्यांनी गाड्यांना आपल्या मुलींची नावं दिली. पहिली एडिथ. दोन माणसांची, वळवायला चाकाऐवजी नुसता दांडा, आणि चढ आला की बसलेल्यांनी उतरून ढकलायची. पुढे खरी एडिथ चॅपलमधल्या ऑर्गन वाजवणाऱ्याचा हात धरून पळून गेली, तेव्हा मालकांनी आवारातल्या साऱ्या गाड्यांवरून तिच्या नावाच्या पितळी पाट्या उचकटून काढायला लावल्या. मग आली ऑगस्टा, उंच आणि जडशीळ, डॉक्टरांची आणि पाद्र्यांची लाडकी. महायुद्धात जखमी शिपायांना न्यायला तीच गेली. या सगळ्या पोरींना अंगभर झळाळी दिली ती इनॉकने. एक थर द्यायचा, वाळू द्यायचा, दगडाच्या पुडीने पाण्यात घासायचा आणि पुन्हा थर. एकेका गाडीला महिना-दोन महिने लागायचे. शेवटच्या थरात मात्र तुम्हाला तुमचे दात मोजता यायचे.

युद्ध संपलं आणि मोठ्या कारखान्यांच्या स्वस्त गाड्या गल्लोगल्ली दिसू लागल्या. थोरले मालक वारले. त्यांचे चिरंजीव मिस्टर रेजिनल्ड यांनी होतं नव्हतं ते धाकट्या बहिणीच्या नावाच्या गाडीवर पणाला लावलं. मॉड, सहा सिलिंडरची, लांब बॉनेटची, गडद निळी. ऑक्टोबरात लंडनच्या प्रदर्शनात तिला मागणी आली तर कारखाना तगणार, नाही तर टाळं लागणार. हे झाडूवाल्यापासून सगळ्यांना ठाऊक होतं.

प्रदर्शनाच्या आधीच्या आठवड्यात हवा अशी दमट की शेवटचा थर वाळेचना. मिस्टर रेजिनल्डनी खोलीत आणखी एक शेगडी आणून ठेवली. इनॉक सहसा तोंड उघडत नसे, पण तेव्हा बोलला.

"उष्णता वाढली की तुळयांतल्या माशा जाग्या होतात, मिस्टर रेजिनल्ड. थंडीसाठी झोपल्यात त्या तिथे."

"मग झाडून काढ."

"आता झाडलं तर धूळ पडेल."

"मग मी काय करू, इनॉक?" मिस्टर रेजिनल्ड म्हणाले. "शुक्रवारी गाडी रेल्वेत चढायला हवी."

शेवटी शेगडी इनॉकनेच पेटवली.

दुपारी मी त्याचा चहा घेऊन खाली गेले आणि दाराच्या काचेतून आत पाहिलं. इनॉक हात पाठीमागे बांधून उभा होता. मॉडच्या बॉनेटवर, ऐन मधोमध, एक माशी रुतली होती. ती एक पाय सोडवायची, तो पुढे टाकायची, तिथेही अडकायची. मागे ओल्या व्हार्निशवर तिच्या चालीची रेघ उमटत होती. काढ ना ती, असं मी खुणेनं म्हटलं. त्याने मान हलवली. ओल्यात हात घातला तर वीतभर खड्डा पडतो. माशी मरू द्यायची, थर कडक होऊ द्यायचा, मग ती काढून सगळं घासून नवा थर द्यायचा, हीच रीत. पण नव्या थराला वेळ कुठे होता? माशी चालत राहिली आणि हा एवढा कसबी माणूस नुसता बघत राहिला. मला त्याची इतकी कीव आली की चहाची किटली दारातच ठेवून मी वर निघून गेले.

थर वाळल्यावर त्याने सुईने माशी काढली आणि ती जागा जमेल तेवढी चकचकीत केली. तिरप्या उजेडात डोळे फाडून पाहिलं तरच डाग दिसायचा. लंडनला लोकांनी मॉडची तोंडभर स्तुती केली आणि पुढच्या दालनात जाऊन स्वस्त गाड्या घेतल्या. नाताळच्या आत कारखान्याला टाळं लागलं.

सगळं कॉव्हेंट्री म्हणत होतं की किमतीने मारलं. एकटा इनॉक म्हणायचा, माशीने.

"अरे, एवढीशी माशी कारखाना बुडवते होय?" मी त्याच्यावर खेकसले.

"शेगडी मी पेटवली, केझाया."

"बघणाऱ्यांना डाग दिसला तरी का?"

"दिसतो. का घेतली नाही ते कुणी सांगत नाही एवढंच."

आता या माणसाशी काय डोकं फोडायचं? इतर कारखान्यांत तोवर रंगाचे फवारे आले होते, व्हार्निशवाल्याला कोण विचारतो. तो बसगाड्या धुवायला लागला. थर्झाने लोकरीची शाल आणली. पण त्याच्यासमोर तिला ती पांघरवेना.

बऱ्याच वर्षांनी मला कळलं की प्रदर्शनातली ती मॉड केनिलवर्थच्या डॉक्टर पेनफोल्डनी घेतली आहे. मला वाटलं, याला एकदा नेऊन दाखवावी. इतकी वर्षं गाडी वापरणारा माणूस जर म्हणाला की कसला डाग, तर याच्या मनावरचं ओझं उतरेल. रविवारी बसने गेलो. डॉक्टर भला माणूस, हौसेने आम्हाला मागच्या छपरीकडे घेऊन गेला. वाटेत पाण्याचा नळ दिसला तसा इनॉक थांबला, हात ओला केला आणि भुवयांवरून फिरवला.

छपरीचं दार उघडलं. गाडी काळी होती.

"निळा रंग पेशंटच्या दारात फार मिरवल्यासारखा दिसायचा," डॉक्टर म्हणाले. "फवारून घेतला. सकाळी दिली, संध्याकाळी घरी."

मला मेलीला आनंदच झाला. "बघ," मी म्हटलं, "गेला तुझा डाग."

इनॉकने बॉनेटवरून बोट फिरवलं आणि ते मधोमध एका जागी थांबलं.

"गेला नाही," तो म्हणाला. "आत आहे. आता तर घासूनही निघणार नाही."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. काळ्या रंगावर उमटलेला बोटाचा ठसा इनॉकने सुती बाहीने नीट पुसला आणि मला म्हणाला, "चल, थर्झा वाट बघत असेल."