निर्मला आधी माझी होती

निर्मला गेल्याचं तिच्या सुनेनं सकाळी फोनवर सांगितलं. चपला कशाबशा पायात अडकवून धावले, तर निवारागृहाच्या अधीक्षिकाबाई आणि तिथल्या दोघीजणी आधीच तिच्या उशाशी बसलेल्या. मी चार घरं सोडून राहते, आणि या बाया गावाच्या पार दुसऱ्या टोकाहून आलेल्या. म्हणजे फोन आधी तिकडे गेला! समोर मैत्रीण निजलेली आणि माझ्या मनात हेच... त्याला दीड महिना झाला. लाज वाटते, पण खोटं कायले लिहू?

ती पांढरकवड्याची, मी फुलसावंगीची. दोघी लग्न होऊन यवतमाळात एकाच गल्लीत आलो, त्याला पस्तीस वर्षं झाली. पापड, कुरडया, तुरीच्या शेंगा सोलणं, सगळं दोघींचं मिळून. दोघींचे नवरेही वर्षभराच्या अंतरानं गेले. माझा मुलगा पुण्यात, त्यामुळे घरी मी एकटीच. अशात निर्मला मारहाणीतून सुटून आलेल्या बायकांना शिवण शिकवायला निवारागृहात जाऊ लागली. आधी आठवड्यातून एक दिवस, मग रोज दुपारी तीनला. माझ्याकडे आली तरी बोलणं तिथलंच. कुणाची शिवण सरळ आली, कोण काल पहिल्यांदा हसली. मी हूं हूं करायची आणि आतून जळायची. मी इतक्या वर्षांची, आणि या कालच्या आलेल्या तिला 'माय' म्हणणार!

मग मीही देऊ लागले. तांदूळ, तूरडाळ, चांगल्या न विटलेल्या साड्या. पण साडी कुणी दिली हे घेणारीला सांगायचं नाही, असा तिथला नियम. उपकाराचं ओझं नको म्हणून निर्मलानंच तो घालून दिलेला. मला तो मुळीच पटला नव्हता.

एकदा आठवडी बाजारात निर्मलासोबत एक तरुण बाई भाजी घेताना दिसली. अंगावर माझी मोरपंखी साडी! मला कुठलं राहवतं? शेजारी उभ्या ओळखीच्या बाईला कौतुकानं दाखवलं, "ते पाय व, माही साडी. निवाऱ्यातल्या बाईले देल्ली मी." ती बाई नेमकी त्या पोरीच्या सासरगावची निघाली. गावाचं नाव लिहीत नाही. एकदा जीभ सैल सोडून झालं आहे. तिसऱ्या दिवशी नवरा चार माणसं घेऊन फाटकाशी हजर. पोलीस आले, पोरगी वाचली, पण लेकरासकट तिला दुसऱ्या जिल्ह्यात हलवावं लागलं. इथं जरा कुठं रुळत होती बिचारी.

चौकशी झाली तेव्हा निर्मला म्हणाली, बाजारात मीच नेलं, चूक माझी. निवारागृहाच्या समितीनं तिचं येणं बंद केलं. मी गप्प राहिले... आणि खरं सांगते, मला आनंद झाला. आता रोज दुपारी ती माझ्याकडे. गप्पा, चहा, पत्तेसुद्धा. फक्त तीनच्या सुमारास बोलता बोलता मध्येच थांबायची. काहून व, विचारलं तर म्हणायची, काही नाही. असं वर्षभर चाललं. मग झोपेतच गेली ती.

तेरवी झाल्यावर मनाचा हिय्या करून अधीक्षिकाबाईंकडे गेले आणि सगळं ओकले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मंदाताई, निर्मलाताईंना माहीत होतं," त्या म्हणाल्या. "बाजारातल्या त्या बाईनंच त्यांच्याजवळ कबूल केलं होतं. त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी समितीला खरं सांगते म्हटलं, तर मला शपथ घातली. म्हणाल्या, 'इथं बायका एकमेकीले हायेत. मंदाले माह्याशिवाय कोणी नाही.'"

म्हणजे वर्षभर ती सगळं माहीत असून माझ्या हातचा चहा पीत होती. आणि मी समजत होते, मी तिला जिंकलं.

आता दुपारी मी तिथं जाते. शिवता येत नाही, काजबटणं करते. मशीनसमोरची तिची खुर्ची तशीच आहे, कुणी बसत नाही, मीही नाही. बायका तिच्या आठवणी काढतात तेव्हा अजूनही पोटात जळतं. ते काही जायचं नाही. परवा एकीनं माझ्यासाठी वाटीभर भाजी झाकून ठेवली होती. ती तशीच ठेवून घरी आले आणि हे लिहायला बसले.

वर्तमानपत्राची ही पुरवणी तिथं दर रविवारी मोठ्यानं वाचतात. बायांनो, आता तुम्हालाही सगळं कळलं; सोमवारी तीनला मी फाटकाशी येईन. आत घ्यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.