दुसरी थाप

डेलने टार्गेटचा कागद माझ्या बेंचवर ठेवला. कागदावर पाच भोकं होती. पाचही एकाखाली एक, शर्टाच्या गुंड्यांसारखी.

"हॅरल्डचा?" मी विचारलं.

"हॅरल्डचा. दुसऱ्यांदा."

ही २००५ सालची गोष्ट. ओहायोत, कोलंबसपासून तासाभरावर, डेलचं मशीन शॉप होतं. तिथे आम्ही टार्गेट रायफलच्या ॲक्शन ऑर्डरप्रमाणे बनवायचो. ॲक्शन म्हणजे रायफलचा मधला, यंत्राचा भाग. मी सांगलीची, डिप्लोमा मेकॅनिकल, सात वर्षं टूलरूममध्ये काढलेली. नवऱ्याच्या, म्हणजे अविनाशच्या, कोलंबसजवळच्या डब्लिन गावातल्या नोकरीमुळे इकडे आले. डेलकडे आधी इन्स्पेक्शनला लागले, मग फिटिंगला. गोळी मात्र मी आयुष्यात झाडली नव्हती. डेल म्हणायचा, "पियानो ट्यून करणाऱ्याला कुठे कॉन्सर्ट द्यावी लागते?"

शॉपचा एक नियम होता. ज्याने ॲक्शन बसवली, त्याने तिच्या पोटाखाली पंचाने, म्हणजे अक्षराच्या पोलादी ठशाने, आपलं अक्षर ठोकायचं. हॅरल्ड आमचं गिऱ्हाईक. त्याच्या ॲक्शनवर V होता. मी ठोकलेला पहिलाच. दुरुस्त करूनही काम जमलं नाही तर ते रॉनकडे, आमच्या सीनियर फिटरकडे, जायचं. तो जुनं अक्षर घासून आपला R ठोकायचा.

"शनिवारी त्याची मॅच आहे," डेल म्हणाला. "गुरुवारी तो स्वतः येतोय. तोपर्यंत सापडलं तर ठीक. नाहीतर रॉन."

पलीकडच्या बेंचवरून रॉन म्हणाला, "विद्या, मी पंचाला तेल लावून ठेवतो."

"नको लावूस. गंजू दे."

भोकं उभ्या रांगेत पडली की पहिला संशय ठोक्यावर. ट्रिगर ओढला की स्प्रिंगच्या जोरावर फायरिंग पिन पुढे जाते आणि काडतुसाच्या बुडावर ठोका देते. ठोका दरवेळी सारखा नसेल तर गोळीचा वेग बदलतो आणि ती वर-खाली लागते. ही पिन मागे ताणून ठेवणं म्हणजे कॉकिंग. बोल्टचं, म्हणजे काडतूस आत ढकलणाऱ्या दांड्याचं, हँडल वर उचललं की पिनच्या शेपटीचा तुकडा, कॉकिंग पीस, एका तिरक्या उतारावर चढतो आणि पिन मागे येते. हँडल खाली केलं की ट्रिगरचा सिअर नावाचा दात त्या तुकड्याला अडवून धरतो. उताराने सोडायचं, दाताने धरायचं. ही देवाणघेवाण नेमक्या क्षणी व्हावी लागते. तिला टायमिंग म्हणतात.

माझ्याकडे यादी होती. बावीस मुद्दे, लॅमिनेट केलेल्या कार्डावर. पहिला मुद्दा, चेंबर, म्हणजे काडतुसाची जागा, रिकामं आहे ना. तो दर वेळी नव्याने. मग पिनची चाल, स्प्रिंगचा जोर, पिन कुठे घासते का, आणि असंच पुढे. बुधवारपर्यंत बावीसही मुद्दे दोनदा झाले. सगळे बरोबर. एकीकडे बरोबरच्या बावीस खुणा, दुसरीकडे ती गुंड्यांची रांग. कुणीतरी एक खोटं बोलत होतं.

गुरुवारी हॅरल्ड आला. सत्तरीचा, निवृत्त पोस्टमन. बोटं सांध्यांपाशी सुजलेली.

"तर V म्हणजे तुम्ही," तो म्हणाला.

"हो. आज संध्याकाळपर्यंत तरी."

मी त्याला रिकाम्या रायफलवर तपासणी करून दाखवू लागले. बोल्ट पुढे, हँडल खाली, ट्रिगर. पुन्हा. पाचव्यांदा त्याने मला थांबवलं.

"मॅडम, एक विचारू? तुम्ही हँडलला दोनदा का मारता?"

"मी?"

"एकदा बंद करता. मग वरून एक थाप देता."

"छे, मी नाही देत."

"देते," रॉन मान न वळवता म्हणाला. "दोन वर्षं ऐकतोय. टक-टक."

मी बोल्ट पुन्हा बंद केला. टक-टक. हात माझाच होता.

सवय कुठली ते लगेच कळलं. आमच्या घरी कुलूप लावलं की ते ओढून बघायचं. आई ओढायची, जिना उतरायची, परत वर जाऊन ओढायची. मी अजून गाडी लॉक करून दार ओढते. अविनाश म्हणतो, "अगं, हातात येईल ते एक दिवस."

"तुम्ही कसं बंद करता?" मी हॅरल्डला विचारलं.

"एका बोटाने. स्कोपवरून नजर काढायची नाही. आणि या बोटांत आता जोर कुठला?"

मी चेंबर पाहिलं आणि रायफल त्याच्या हातात दिली. त्याने बोटाने हँडल खाली नेलं. शेवटी ते जरा अडलं आणि त्याचं बोट थांबलं. त्याच्या मते बंद. मी वाकून पाहिलं, तर पोस्टकार्डाच्या जाडीइतकं वर.

"आता ट्रिगर ओढा."

त्याने ओढला. हँडल आपोआप टिचकन खाली बसलं.

सापडलं. सिअर कॉकिंग पीसला जरा लवकर अडवत होता. त्यामुळे शेवटच्या टप्प्यात हँडलला स्प्रिंगही दाबावी लागत होती. हँडल अर्धवट राहिलं की सुटलेला तुकडा जाता जाता उताराला धडकून ते खाली ढकलायचा. पिनचा जोर तिथेच खर्च व्हायचा. कधी थोडा, कधी जास्त. उताराला निळी शाई लावून हॅरल्डला पुन्हा तेच करायला सांगितलं. शाई खरवडली गेली. माझी दुसरी थाप हे सगळं झाकत होती.

डेल येऊन उभा राहिला. "हे तुझ्या यादीत नव्हतं?"

"होतं. नववा मुद्दा. हँडल सहज बंद होतं का? मी दोनदा 'होय' लिहिलंय."

"कुणाला सहज?" डेलने विचारलं.

मी कामाला लागले. सिअरला टेकणारं कॉकिंग पीसचं तोंड किंचित ग्राइंड करायचं होतं. धातू काढता येतो, परत लावता येत नाही. आणि जास्त गेला तर ठोकाच कमजोर. म्हणून दर वेळी दोन थाऊ. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. काढायचं, बसवायचं, हॅरल्डच्या बोटाला विचारायचं. पहिल्यांदा त्याने मान हलवली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा हँडल न अडता तळाशी गेलं.

"आता माझी नातसुद्धा बंद करेल," तो म्हणाला.

पिनची चाल मोजली, मर्यादेत होती. रबरी हातोडीने टोले दिले, सिअर सुटला नाही. उताराला पुन्हा शाई लावली, ती जागच्या जागी राहिली. हॅरल्ड हँडल बंद करत होता तेव्हा हात मी पाठीमागे धरले होते.

शनिवारी हॅरल्ड अकरावा आला. त्या दिवशी वारा फिरत होता, आणि वारा माझ्या खात्यात येत नाही. पण त्याने एक टार्गेट पोस्टाने पाठवलं. पाच गोळ्या, भिजलेल्या हरभऱ्याएवढं एकच भोक. खाली पेन्सिलने लिहिलं होतं, 'एकच थाप.' डेलने तो कागद V च्या फाइलला लावला. रॉनने पंच ड्रॉवरमध्ये टाकला.

मी कार्ड नवीन करून घेतलं. तेविसावा मुद्दा: 'हँडल एका बोटाने बंद करा. हात काढा. मग बघा.' तपासणारा हातही तपासायचा असतो, एवढंच त्यातून शिकले.

घराचं कुलूप मी अजूनही ओढून बघते. त्यातून गोळी सरळ जायची नसते.