डार्करूममधले स्तोत्र

"गुरुजी, अजून किती?" मिट्ट काळोखातून सोपानरावांनी विचारले.

"स्तोत्र पूर्ण होईपर्यंत," मी म्हणालो.

केजमध्ये मी आयुष्यभर फोटोग्राफीचा व्यवसाय केला. आता घरामागची बिनखिडकीची न्हाणी हीच माझी डार्करूम. रंगीत कागदाला घड्याळाच्या चकाकत्या काट्यांचाही उजेड सोसत नाही. म्हणून लहानपणी वेदपाठशाळेत मुखोद्गत केलेले देवीचे स्तोत्र हेच माझे घड्याळ. संथ लयीत एक पाठ झाला की चित्र उमटवणारे पहिले रसायन, म्हणजे पहिला डेव्हलपर, पुरे.

नेकनूरचे सोपानराव आईची स्लाइड घेऊन आले होते. स्लाइड म्हणजे फिल्मवरच उमटलेले रंगीत चित्र. माउलीचे दुसरे छायाचित्र नव्हते आणि उद्या वर्षश्राद्ध होते. एका स्टुडिओने संगणकावर चेहरा उजळून कपाळावरचे गोंदणच पुसले होते. ते पाहून सोपानरावांचे वडील आबा कडाडले होते, "ही गोरी बाई कोण रं? या वयात मला दुसरी बायको कामून आणली?" त्या फोटोला हार घालणार नाही, हा त्यांचा निश्चय.

स्तोत्र ऐकून सोपानरावांना भक्तीचे भरते आले. ते डोळे मिटून टाळ्या वाजवू लागले. हात भजनी मंडळातला. लय चढत गेली आणि तिच्यामागे माझे स्तोत्रही धावले. पाठ अकाली संपला, पहिला डेव्हलपर अपुरा पडला. प्रिंट निघाली परळीच्या वीजकेंद्रातल्या कोळशासारखी.

"माय कुठं हाय?"

"तुमच्या टाळ्यांत!"

जुन्या पाकिटात एकच कागद उरला होता. सोपानरावांनी उपरण्याचा बोळा तोंडात कोंबला, हात मांडीखाली दाबले. मी शब्द न् शब्द सोडवून पाठ म्हटला, कागद धुतला आणि दार सताड उघडले.

"आरं द्येवा! उजेड! गेली माझी माय!" बोळा उडाला.

मला हसू आवरेना. स्लाइडवरून प्रिंट करताना पहिल्या डेव्हलपरनंतर कागदाला मुद्दाम उजेड दाखवावा लागतो. त्यानेच पुढे रंग धरतात. हे सांगायचे राहूनच गेले होते; पहिल्या वेळी दार उघडले तेव्हा टाळ्यांच्या नादात त्यांचे डोळे मिटलेलेच होते.

शेवटच्या ट्रेमधल्या रसायनात कागदावरची काजळी उतरली. हिरवे लुगडे आले, सावळा चेहरा आला, मग गोंदण. आम्ही दोघे ट्रेभोवती अक्षरशः नाचलो. या वयात ते लिहिताना संकोच वाटतो.

लेकाबरोबर येऊन माझ्या ओसरीवर बसलेल्या आबांनी ओली प्रिंट डोळ्यांजवळ नेली. मग त्यांनी टोपी सारखी केली.

"हीच हाय. बग की, आताबी माझ्यावर डोळे वटारती."

डार्करूममध्ये भक्ती अवश्य असावी. टाळ्या मात्र प्रिंट सुकल्यावर वाजवाव्यात.