मुख्यालयी राहतो

बीडात मोबाईल नवा नवा आला त्या वर्षी मी एक घेतला, आणि घेतल्या दिवसापासून माझा त्याच्यावर संशय होता. दुकानदारानं दोन फोटो, रेशनकार्डाची झेरॉक्स आणि तीन ठिकाणी सह्या घेतल्या. बोलायच्या यंत्राला माझा फोटो कशाला, असं मी विचारलं.

"वर पाठवायला," तो म्हणाला. वर म्हणजे कुठं, ते त्यालाही माहीत नव्हतं. मला तेवढं पुरलं.

संशयाला कारण होतं. मी लिंबागणेशच्या पुढं एका गावात प्राथमिक शिक्षक होतो. नियम असा, की शिक्षकानं मुख्यालयी राहायचं. म्हणजे शाळा असेल त्याच गावात. मी राहायचो बीडला, कारण बायको तिथं एका दवाखान्यात नर्स होती. रोज यष्टीनं अप-डाउन. कागदावर मात्र गावातल्या एका मावशींची खोली माझ्या नावावर होती. तिच्यात मावशी कांदे ठेवायच्या.

त्यात मी बीडजवळच्या शाळेवर विनंती बदली मागितलेली. अर्जात कारण लिहिलं होतं, 'मी मुख्यालयी राहतो व पत्नी बीड येथे एकटी राहते.' हे वाक्य मी बायकोच्या शेजारी बसून, तिनं केलेला चहा पीत लिहिलं होतं. ती म्हणाली, "एकटी राहते म्हणताय, तर कप तरी विसळून ठेवा."

तर फोनच्या त्या बोटभर पडद्यावर आपण असू त्या टॉवरच्या गावाचं नाव उमटायचं. यष्टी निघाली की 'बीड', मग 'मांजरसुंबा', मग 'लिंबागणेश'. लोक कौतुकानं एकमेकांना दाखवायचे. मी मात्र पडदा तळहातानं झाकायचो. मी सांगितलं नव्हतं, तरी याला कळतंय. मग अजून कुणाकुणाला कळतंय?

माझ्यासारखाच अप-डाउन करणारा एक गुरुजी होता. स्टँडवर चहा पिताना त्यानं माझ्या भीतीला खतपाणी घातलं.

"टॉवरवाल्याकडं समदं लिहून राहतंय. कोण कुठं झोपला ते बी. पोलिसांनी एकाला असाच धरलाय. आता आपलं खातं तीच यादी मागवणार हाय."

"कुणी सांगितलं?"

"ऐकलं मी. तू कावून घाबरायला? तू तर मुख्यालयी राहतोस ना बे?" असं म्हणून तो हसला. त्या हसण्याचाही मला संशय आला. बदलीचा अर्ज त्यानंही दिलेला होता.

त्या दुपारी मुलांना पाढे लिहायला लावून मी फोनची सगळी बटणं दाबून पाहिली आणि गावाचं नाव दाखवायची सोय बंद केली. पडदा कोरा झाला. दोन दिवस मी मोकळ्या मनानं हिंडलो. तिसऱ्या दिवशी गुरुजीला ही युक्ती सांगितली, तर त्यानं चहाचा कप खाली ठेवला.

"त्यानं तुला दिसायचं बंद झालं. त्यांना कसं बंद होईल?"

मी पदवीधर होतो, हे इथं नोंदवून ठेवतो.

मग मला नामी तोड सुचली. यादीत माणूस येत नाही, फोन येतो. मग फोनच मुख्यालयी राहिला तर? शाळा सुटल्यावर मी तो मावशींच्या खोलीत, कांद्याच्या वर फळीवर, चार्जरला लावून ठेवायला लागलो. मावशींना बजावलं, "कुणी विचारलं तर सांगायचं, मुख्यालयी राहतो."

"राहतो," मावशी म्हणाल्या. शब्द पाठ व्हावा म्हणून मी तो त्यांच्याकडून तीनदा म्हणून घेतला.

आठवडाभर माझा फोन आदर्श शिक्षकासारखा गावात मुक्कामी होता. एके दिवशी मी यष्टीतून उतरलो, तर मावशी फाट्यावर उभ्या. चेहरा खुललेला.

"गुरुजी, तुमच्या सायबाचा फोन आलता सकाळी. लई वाजायला लागला, म्हणून उचलला. म्हणले, गुरुजींना द्या. मी म्हणलं, ते न्हाईत, बीडला घरी गेलेत, येत्याल दहाच्या यष्टीनं."

"मग?"

"म्हणले, मग मोबाईल तिथं कसा? मी म्हणलं, तो मुख्यालयी राहतो. गुरुजींनीच सांगितलंय म्हणलं."

मी मनातल्या मनात वाक्य लावून पाहिलं. मी राहतो, तो राहतो. क्रियापद एकच. चौथीच्या पोरांना मी हेच शिकवत होतो, की कर्ता कधी गाळू नये.

दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर उभा राहिलो. माझा अर्ज टेबलावर उघडाच होता.

"टॉवरवरून कळलं का साहेब?" मी विचारलं. विचारायचं काही कारण नव्हतं.

"कसला टॉवर? तुमच्या बदलीच्या अर्जावर एक सही राहिली होती, म्हणून फोन केलता." त्यांनी ते वाक्य मला वाचून दाखवलं. "पत्नी एकटी राहत न्हाई असं दिसतंय. मग बदली कशाला पाहिजे तुमाला?"

बदली झाली, पण दुसऱ्याच दिशेला. पाटोद्याच्याही पुढं, डोंगरात. गुरुजीला बीडजवळची शाळा मिळाली. माझं नाव त्यानं सांगितलं असेल, असा संशय मी कितीतरी दिवस जपला. खरं तर मावशींनंतर सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

नव्या गावात टॉवर नव्हता आणि परतीची यष्टी शाळा सुटायच्या आधीच जायची. तिथं मी खरोखर मुख्यालयी राहिलो आणि बायको खरोखर बीडला एकटी राहिली. अर्जातलं वाक्य आता अक्षरशः खरं होतं. फक्त त्यावर बदली मागायची सोय उरली नव्हती. पुढच्या वर्षी समोरच्या टेकडीवर टॉवर उभा राहायला लागला. लोकांनी नारळ फोडला. मी लांबून बघत राहिलो. इतकी गावं सोडून हा नेमका इथं कशाला आला?

टॉवर सुरू झाला तसा पहिला फोन बायकोला केला.

"कुठून बोलताय?"

"गावातूनच की."

"तिथं कुठला टॉवर? शनिवार हाय. शाळा सकाळची. पाटोद्याला हिंडायला गेला असाल," ती म्हणाली. "फोनवर कुठलं नाव दिसतंय ते सांगा बरं."

मी पडदा पाहिला. कोरा. ती सोय मीच बंद केली होती, आणि चालू कशी करायची ते आता आठवत नव्हतं.