बंबाच्या धुराची वाट

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नाशिकच्या थंडीत आमच्या न्हाणीत पहाटे पाणी तापवायचा बंब पेटायचा आणि धाकटी मुलगी खोकत उठायची. हवा तपासायला मी एरंडेल लावलेल्या चार काचा घरात टांगल्या आणि आठवड्याने भिंगातून काजळीचे ठिपके मोजले. सर्वांत जास्त ठिपके न्हाणीत नव्हे, मुलीच्या खाटेपाशी निघाले. मी पुन्हा मोजायला बसलो.

“अहो, ठिपके राहू द्या, इकडे बघा,” म्हणत पत्नीने न्हाणीच्या दारात उदबत्ती धरली. तिचा धूर थेट खाटेवरून पलीकडच्या खिडकीकडे गेला. चांगल्या हवेसाठी ती खिडकी मीच उघडी ठेवत होतो.

“आता बंब अंगणात, आणि कुडकुडत पाणी तुम्ही आणायचं!”

मला आठवडाभरात जे उमगलं नाही, ते तिने मिनिटात दाखवलं. बंब अंगणात हलवल्यापासून अकराव्या सकाळी मुलगी न खोकता उठली.