तेल पाजलेला टायर

मालकाला शिव्या द्यायच्या तर आधी स्वतःलाच द्याव्या लागतात, म्हणून इतकी वर्षं मी गप्प बसलो. राग मात्र विझला नाही.

सोलापूर ते मैंदर्गी अशी प्रवाशांची मोटार मी चालवत होतो. तेव्हा मोटार हाकणारे गावात मोजकेच, त्यामुळे माझा रुबाब फौजदारापेक्षा कमी नव्हता. मालक मूळचा बागायतदार. त्याचं सगळं आयुष्य विहिरीवर मोट हाकण्यात गेलेलं. मोटेचं कातडं सुकून तडकू नये म्हणून तिला तेल चोळायचं, हे त्याला पक्कं ठाऊक. तेच शहाणपण त्यानं रबराला लावलं. पडवीत, उन्हाच्या बाजूला, खुंटीवर एक जादा टायर टांगलेला होता. दर खंडेनवमीला, अवजारांच्या पूजेला, तो खाली उतरायचा, करडईचं तेल पिऊन, हळदकुंकू लावून घेऊन परत खुंटीवर जायचा. तेल चोळणारे हात माझेच. कशी लकाकी येते बघा, म्हणून मी वर चार माणसांना दाखवतही असे. मूर्ख!

चैत्रात पुढचं डावं चाक गेलं तेव्हा मालकानं खुंटीकडं बोट केलं. टायर खाली काढला. नक्षी कोरी होती, पण कडेला बारीक भेगा पडल्या होत्या. नख रुतवलं तर चिकट काळा चुरा निघाला.

"मालक, ह्यो सात-आठ वर्सं टांगलाय. कुजलाय की."

"कुजाया काय भाकर हाय व्हय? एक कोस चालला न्हाय त्यो. कोरा हाय कोरा. बसव!"

मी बसवला. नाही म्हणायला तोंड होतं, पण नोकरीपुढं ते उघडलं नाही.

त्याच दिवशी वडील पहिल्यांदा माझ्या मोटारीत बसले. ते घोंगड्या विणायचे. अख्खा जन्म मागावर गेला, उजव्या हातानं धोटा फेकायचा, डाव्यानं झेलायचा. लेकाची मोटार बघायची म्हणून नवं धोतर नेसून आले होते. मी त्यांना माझ्या शेजारी, डाव्या बाजूला बसवलं. त्यांनी बाहेरचा दांडा डाव्या हातानं घट्ट धरला आणि माझ्याकडं बघून हसले. ते हसू आठवलं की आजही माझ्या अंगाची लाहीलाही होते.

दुपारचं ऊन, रस्ता तापलेला. कुंभारी गाव मागं पडलं आणि टायर फुटला. मोटार डावीकडं ओढली गेली. मी सगळा जीव लावून हातातलं चाक फिरवलं, ते काही ऐकेना. रस्त्याकडेच्या लिंबाच्या झाडाला घासत गाडी चारीत आडवी झाली. बाकीच्यांना खरचटलं, एवढंच. वडिलांचा हात गाडी आणि झाड यांच्यामध्ये सापडला होता. दवाखान्यात तो कोपरापासून कापावा लागला.

तिसऱ्या दिवशी मालक भेटायला आला. खाटेशी उभा राहून मलाच म्हणाला, "टायर कोराच हुता की. तूच लई जोरात हाकलीस."

मला त्याची मानगूट धरायची होती. वडिलांनी उरलेल्या हातानं माझा सदरा धरला, म्हणून तो चालत घरी गेला. मी नोकरी सोडली.

फुटलेल्या टायरचा तुकडा मी चांभाराकडं नेला. वहाणा करता येतील का, विचारलं. त्यानं तो वाकवला, तर मोडला. "तेलानं रबर कुजतंय. ह्याच्या वहाणा बी न्हाय व्हायच्या," म्हणाला. ज्याच्यावर कुणाचा पाय ठेवायला चांभार तयार नव्हता, त्याच्यावर मी चौदा माणसं बसवली होती.

पुढच्या खंडेनवमीला वडिलांनी बंद पडलेला माग पुसून घेतला. हळदकुंकू वाहिलं. सवयीनं हात जोडायला गेले आणि उजवा हात छातीसमोर तसाच अधांतरी राहिला. तेवढ्यात मालकाचा गडी प्रसादाचं खोबरं घेऊन दारात आला. खोबऱ्याला आणि त्याच्या बोटांना करडईच्या तेलाचा वास होता.

"नवा टायर आणलाय मालकानं," तो कौतुकानं म्हणाला, "आत्ताच तेल पाजून खुंटीला लावला."